केंदाळ वर चाललं होतं

साडेबाराच्या आसपास वारं पडलं आणि पावणेएकच्या आत नदीत विंडसर्फिंगला उतरलेला माझा भाचा एका मोटरपंपाच्या सक्शन पाइपला मिठी मारून छातीभर पाण्यात उभा होता, तिथनं बंधारा फार तर साठ मीटर. त्याला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा शेवटापर्यंत जीव मुठीत धरून बसायचा. नुकसान झालं ते मास्टचं, म्हणजे शिडाच्या काठीचं, आणि आक्कानं माझ्यावर ठेवलेल्या विश्वासाचं, त्यातला मास्ट नवीन घेता येतो. पण त्या पंधरा मिनिटांत नक्की काय चुकलं हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले. आम्ही दोघंही मूर्खासारखे वागलो असतो तर लिहायची गरजच नव्हती. आम्ही शिकवल्याप्रमाणं वागलो, गोची तिथंच झाली.

आधी साहित्य आणि माणसं. विंडसर्फिंग मी गोव्यात शिकलो, म्हणजे तीन-चार सुट्ट्या आणि बरंच खारं पाणी पिऊन. तिथंच एक जुना बोर्ड आणि दोन शिडं स्वस्तात मिळाली, गाडीच्या टपावर बांधून आंबोली-आजऱ्यावरनं घरी आणली. बोर्ड दोनशे लिटरचा, म्हणजे शिकाऊ माणसाला पेलणारा, उभं राहिलं तरी लगेच कलंडत नाही. त्या दिवशी लावलेलं शिड पाच चौरस मीटरचं. गल्लीत शिड जोडून बघितलं तर समोरच्या काकूंनी विचारलं, एवढी मोठी गुढी कुठं उभी करणार. भाचा एकोणीस वर्षांचा, पोहायला पंचगंगेच्या घाटावरच शिकलेला, २०२३ च्या हांगझोच्या एशियन गेम्समध्ये आपल्या एबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये ब्राँझ आणलं त्याची क्लिप बघितल्यापासून मामा मामा करत मागं लागलेला. दोन हिवाळे गोव्याला नेलं, तिथं तो माझ्यापेक्षा चांगलं करायला लागला. जड अंतःकरणानं कबूल करतो.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बोर्डावर शिड घट्ट रोवलेलं नसतं, खाली एक सगळीकडं वळणारा सांधा असतो, कॅलिफोर्नियातल्या श्वाइट्झर आणि ड्रेक या दोघांना १९७० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. सुकाणू नाही, काही नाही. शिड पुढं झुकवलं की बोर्ड वाऱ्यापासून लांब वळतो, मागं झुकवलं की वाऱ्याकडं तोंड करतो. पडलात की शिडही पाण्यात पडतं, मग बोर्डावर उभं राहून दोरीनं ते पुन्हा वर ओढायचं. त्या ओढण्याला कंबर लागते आणि वारं पण लागतं हे लोक विसरतात, कारण शिड थोडं वर आलं की वारंच खाली शिरून ते हलकं करतं.

आता जागा. रंकाळ्याला नको असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, चौपाटीवर भेळ खाणारी अर्धी पेठ बघायला आली असती आणि पडलं की प्रत्येक वेळी टाळ्या. मेहुण्यांच्या ओळखीतला एक मळा शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी आहे. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे महापुराच्या बातम्यांनी आपल्याला पाढ्यासारखे पाठ झालेत, त्यातल्याच एकाच्या वर पाऊण किलोमीटरवर हा मळा, कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. पाणी काय लायकीचं असतं ते सांगायला नको, तोंड मिटून पडायचं हा आमचा नियम. मगरीचं पण लोक विचारतात, कृष्णेत आहेत हे सांगलीकरांना माहीतच आहे आणि पंचगंगेतही अधनंमधनं दिसल्याच्या बातम्या येतात, आम्ही मळ्यातल्या लोकांना विचारूनच उतरतो.

नदी इथं साधारण पश्चिमेकडनं पूर्वेला जाते, रुंदी शंभरेक मीटर. मळ्यापासून खाली चारशे मीटर सरळ, मग ती डावीकडं वळते आणि वळणाच्या पलीकडं बंधारा, म्हणजे आमच्या काठावरनं बंधारा दिसतच नाही. उजवा काठ, म्हणजे आमचाच, वळणावर उंच आहे, वीसेक फूट दरड आणि तिच्यावर ऊस. ऑक्टोबरातला ऊस. तोडायला आलेला, दहा-बारा फुटांचा, आत माणूस शिरला तर दिसणार नाही असा.

दसरा होऊन आठवडा झाला होता. पावसाळाभर आपल्याकडं पश्चिमेचं वारं असतं, परतीचा पाऊस सरला की ते फिरतं आणि पूर्वेकडनं यायला लागतं. सकाळी आठ-नऊला पान हलत नाही, दहानंतर जमीन तापली की सुटतं, ते पण एकसारखं नाही, धक्क्या-धक्क्यानं. त्या दिवशी मोबाइलवर वाऱ्याचा वेग आठ नॉट (ताशी पंधराएक किलोमीटर) आणि झोत चौदापर्यंत असं दाखवत होतं. ऐकायला किरकोळ वाटतं पण शिडावरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, आठचे चौदा झाले की जोर तिप्पट, म्हणून शिकाऊ माणसाला झोताचीच भीती असते आणि आमची पण सगळी चर्चा झोतावरच झाली. वारं पडलं तर काय, यावर एक शब्द नाही. वारं पडलं तर काय, बसायचं की बोर्डावर पाय सोडून.

पाणी वाहतंय का हे आम्ही बघितलं नाही असं नाही, चांगलं बघितलं. माझ्या डोक्यात असं होतं की पावसाळा संपला, बंधाऱ्याला बरगे घातलेत, म्हणजे पाणी अडलेलं, म्हणजे तळंच. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये मोकळे गाळे, पावसाळ्यात पूर जाऊ द्यायला गाळे रिकामे आणि पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बरगे सरकवून पाणी अडवायचं, पूर्वी लाकडाचे दोन ओळींत आणि मधे माती ठासलेली, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी. काठावर येऊन खात्री पण केली. दसऱ्याच्या झेंडूच्या माळा आणि केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे, दोन-तीन पुंजके तरंगत होते आणि ते सगळं हळूहळू वर चाललं होतं, प्रवाहाच्या उलट. भाचा म्हणाला, "मामा, नदी उलटी व्हायला लागली की." हसलो आम्ही. खाली ओढ नाही हे ठरलं.

आता कोणी काय निर्णय घेतला ते. तळ्यावर आणि समुद्रावर शिकवतात तो पहिला नियम असा की आधी वाऱ्याच्या वर, म्हणजे वारं येतंय त्या बाजूला जायचं. वाऱ्याच्या दिशेनं मजेत लांब गेलात तर परत येताना नागमोडी घासत यावं लागतं आणि तोवर माणूस दमलेला असतो, म्हणून कष्टाचं काम ताजं असताना आधी करायचं आणि येताना वाऱ्यानं घरी आणायचं. नियम शंभर टक्के बरोबर आहे. मी भाच्याला काठावरनं ओरडून सांगितलं पण, आधी वर घे, वर घे. पोरगं शहाणं, त्यानं ऐकलं. पूर्वेचं वारं होतं, वर म्हणजे पूर्वेला, पूर्वेला म्हणजे बंधाऱ्याकडं. वाऱ्याची वर ती पाण्याची खाल, हे वाक्य मला आता झोपेत पण म्हणता येतं, त्या दिवशी सुचलं नाही.

वारं आणि पाणी एकमेकांच्या उलट असणं हे खरं तर नदीवर चांगलं मानतात. अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या मधनं कोलंबिया नदी वाहते, तिथलं हूड रिव्हर गाव या खेळाचं पंढरपूरच म्हणा, तिथं पाणी पश्चिमेला जातं आणि उन्हाळ्यातलं वारं पश्चिमेकडनं येतं, त्यामुळं माणूस दिवसभर खेळून पण फार वाहून जात नाही, दोघं एकमेकांना खोडतात. आमच्याकडं पण तेच जमून आलंय म्हणून मी आधीच्या आठवड्यात मित्रांत लई फुशारकी मारली होती. पण खोडाखोडीला दोघंही हजर लागतात.

साडेदहाला सुरू केलं. पहिला दीड तास झकास गेला, मी दोन चकरा मारल्या, मग तो. बाराला पुन्हा तोच गेला आणि नागमोडी घेत घेत वळणापर्यंत पोचला, तिथं मला त्याचं शिड दिसत होतं, मग अर्धं दिसलं, मग शिडाचं टोक. वळणाच्या पुढं गेला म्हणून मला काळजी वाटली नाही, उलट अभिमान वाटला हे लिहायला लाज वाटते.

वळणावर नदी डावीकडं गेली की वारं नदीच्या रेषेत राहत नाही, उजव्या दरडीवरनं आडवं यायला लागतं. दरड वीस फूट, वर ऊस दहा-बारा, म्हणजे तीस फुटांची भिंत. आडोशाची सावली उंचीच्या सात-आठ पट, कधी दहा पट लांब पडते असं ढोबळ धरतात, म्हणजे दोनशे-तीनशे फूट, म्हणजे जवळजवळ अख्खी नदी. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणं शिड हातात एकदम मेलं, तो मागं झुकलेला होता, तसाच पाठीवर पाण्यात गेला. उठला, शिड ओढलं, अर्ध्यावर आलं आणि वारं नसल्यानं पुन्हा आडवं. असं चार-पाच वेळा. त्याला वाटलं सावलीत आलोय, जरा वेळानं झोत येईल. आणि नेमकं त्याच सुमारास सगळीकडचंच वारं पडलं, माझ्या काठावरची केंदाळाची पानं पण स्थिर झाली, हे मी बघितलं आणि मनात म्हटलं, चला, आता येईल पोहत बोर्ड ढकलत.

बंधाऱ्याचे सगळे बरगे घातलेले नव्हते. दोन दिवसांपूर्वी पश्चिम भागात परतीचा पाऊस झोडपून गेला होता, वरनं पाणी येत होतं, त्यामुळं मधले आणि आमच्या काठाकडचे मिळून सहा गाळे उघडेच ठेवले होते. ते बरोबरच होतं, पाणी चढल्यावर दुसरं काय करणार. राधानगरी भरलेलं असलं तर तिथले सात स्वयंचलित दरवाजे तर कोणाला न विचारता उघडतात, पाऊस आपल्या गावात पडायची गरज नसते. हे सगळं मला माहीत होतं, कोल्हापुरात राहून कोणाला माहीत नसतं, राजारामची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे शाळेतलं पोरगं पण सांगतं. पण ते सगळं जुलै-ऑगस्टच्या कप्प्यात ठेवलेलं ज्ञान. ऑक्टोबरात ऊन पडलं की तो कप्पा बंद.

पाचव्यांदा पडल्यावर भाच्यानं मान वळवली तर बंधाऱ्याचे खांब मोजता येत होते. आता त्यानं दुसरी गोष्ट केली, ती पण पुस्तकातली, बोर्डावर पालथा झोपून हातानं वल्हवत घराकडं निघाला, म्हणजे सरळ प्रवाहाच्या विरुद्ध, मागं पाच चौरस मीटरचं भिजलेलं शिड ओढत. शिटी पण वाजवली, लाइफ जॅकेटला बांधलेली असते ती. मी उसातनं पळत सुटलो, पानांनी हात-तोंड कापलं, बांध सापडेना. शिटी ऐकली ती पंपावरच्या आण्णांनी, साठीच्या पुढचे, मोटर चालू करायला आले होते. दरडीवर उभं राहून ते एकच शब्द ओरडत होते, "आडवा! आरं आडवा ये लेकरा, वर नगं, आडवा!"

या एका शब्दानं काम झालं असं माझं ठाम मत आहे. प्रवाहाशी भांडत वर जायचं नसतं, त्याला वाहू देत काठ गाठायचा असतो, पुरात बैल घालणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. भाच्यानं बोर्ड काठाकडं वळवला पण मागचं शिड लंगर झालं होतं, तेव्हा त्यानं सांध्याचं बटण दाबून शिड सोडायचं ठरवलं. बटणात गोव्याची वाळू. दोनदा हललं नाही, तिसऱ्यांदा सुटलं. नुसता बोर्ड हलका, आठ-दहा हात मारले आणि पंपाचा पाइप हाताला लागला. मी पोचलो तेव्हा आण्णा दरडीवरनं दोर सोडत होते आणि मला बघून म्हणाले, "काईल आणायला जाणार हुतो, पर तवर पोरगं ऱ्हायलं नसतं." गुळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, होडीसारखी घेऊन पुरात माणसं काढलेला माणूस, थट्टा करत नव्हते.

शिड बंधाऱ्यापर्यंत गेलं. मास्ट सव्वाचार मीटरचा, गाळा दोनेक मीटरचा, तो दोन खांबांवर आडवा बसला, पाण्यानं वाकला, आणि मोडल्याचा आवाज आम्हाला वरपर्यंत आला. त्या जागी बोर्डाला धरून माणूस असता तर, एवढंच म्हणून पुढं जातो.

आता मला झोप लागेना ती केंदाळावरनं. डोळ्यांनी बघितलं होतं की वर चाललंय. मग ओढ आली कुठनं? पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा काठावर गेलो, पाण्यात नाही, तीस मीटरचा दोर, मोबाइलचं घड्याळ आणि चार नारळ घेऊन. वारं पूर्वेचंच होतं, गाळे अजून उघडेच. झेंडूची माळ टाकली, ती हळूहळू वर. नारळ टाकला, तो खाली. एकाच जागी, एकाच वेळी, एक इकडं आणि एक तिकडं. भाचा बघतच राहिला. मळ्यासमोर नारळाला तीस मीटर जायला पाच मिनिटं लागली, म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर, डोळ्याला थांबल्यासारखंच. वळणाच्या बाहेरच्या काठाला तेच तीस मीटर पंचाहत्तर सेकंदांत, म्हणजे चौपट. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या अंगाला असतो आणि उघडे गाळे पण त्याच अंगाला, दोन्ही एकत्र आले.

केंदाळाची पानं पाण्यावर वीतभर उभी असतात, देठ फुगीर, ते स्वतःच एक शिड आहे. माळ हलकी, पाण्याच्या कातडीवर बसलेली. नारळ बहुतेक बुडालेला, त्याला वारं सापडतच नाही. आणि विंडसर्फिंग करणारा माणूस उभा असतो तोवर केंदाळ असतो, पडला की नारळ. आम्ही केंदाळ बघून नारळाचा निर्णय घेतला होता. सेकंदाला चाळीस सेंटिमीटर धरा, आठ मिनिटांत एकशे नव्वद मीटर होतात, भाचा पहिल्यांदा पडला तिथनं पाइपपर्यंतचं अंतर आम्ही काठावरनं पावलं टाकून मोजलं ते जवळपास एवढंच भरलं. म्हणजे गूढ काही नाही, साधा गुणाकार होता, उतरायच्या आधी करता आला असता.

यावर मित्रांत बराच वाद झाला. एकाचं म्हणणं नदीवर हा खेळ करूच नये. मला ते पटत नाही, करू नये अशी जागा होती आणि त्यातल्या त्यात तो दिवस. दुसऱ्याचं म्हणणं काठावर होडी पाहिजे होती. हे मात्र मान्य, होडी नाहीतर निदान ट्रॅक्टरची मोठी ट्यूब आणि दोर, आणि ते घेऊन माणूस बंधाऱ्याच्या बाजूला बसलेला पाहिजे. मी उतरायच्या जागेवर बसलो होतो, म्हणजे जिथं काहीच होणार नव्हतं तिथं. बोर्डाला पाय बांधायची दोरी असावी का यावर पण बोलणं झालं, माझ्या मते वाहत्या पाण्यात खाली खांब असतील तर अजिबात नाही. समुद्रावर बोर्ड सोडायचा नाही हा नियम नदीवर पण खरा, पण शिड सोडायला शिकलं पाहिजे आणि ते बटण दर वेळी उतरायच्या आधी दाबून बघितलं पाहिजे, आता आम्ही बघतो.

आक्काला तिसऱ्या दिवशी कळलं, आण्णांकडनं. तिनं फोन केला आणि "आरं, पोरगं माझं हाय का तुझ्या बोर्डाचं सामान?" एवढंच विचारून ठेवून दिला. मग बरेच दिवस बोलली नाही. मेहुणे बोलले, पण ते मास्टची किंमत विचारायला.

नोव्हेंबरच्या शेवटी आण्णांचा स्वतःहून फोन आला. वळणावरचा ऊस तुटला होता, टोळी येऊन गेली होती, दरडीवर नुसता पाला पसरलेला, आणि सगळे बरगे पण बसले होते. गेलो तर जागा ओळखू येईना, जिथं शिड मेलं होतं तिथं आता वारं सपाट येत होतं. तरी आम्ही वळणाच्या अलीकडं शंभर मीटरवर काठाला एक पिवळी पताका बांधली, त्याच्या खाली जायचं नाही, आणि पहिला अर्धा तास मळ्याच्या वरच्या अंगालाच खेळायचं, म्हणजे आधी पाण्याच्या वर. येताना घासत यावं लागतं, दमायला होतं, भाचा कुरकुरतो.

मोडक्या मास्टचा मोठा तुकडा आण्णांनी बंधाऱ्यावरनं काढून ठेवला होता, दिवाळीत त्यावर आकाशकंदील लावला होता म्हणे. आणि उतरायच्या आधी आम्ही दर वेळी एक नारळ पाण्यात सोडतो आणि तो कुठं जातोय ते दहा मिनिटं बघत बसतो. हे आक्काला कोणीतरी सांगितलं, तेव्हापासनं ती पुन्हा बोलायला लागली, पोरं नदीची ओटी भरूनच पाण्यात उतरतात असं शेजारपाजारी सांगते, आणि दर शनिवारी रात्री एक नारळ भाच्याच्या पिशवीत घालून ठेवते. त्यावर हळदीकुंकू असतं. आम्ही तिला काही सांगितलेलं नाही.